डरहॅम कॅथेड्रल आतून कसे पाहावे: एकदा बांधकामाच्या क्रमाने, पुन्हा यात्रेकरूच्या वाटेने

इंग्लंडच्या ईशान्य भागात, वेअर नदीने तीन बाजूंनी वळसा घातलेल्या उंच खडकावर डरहॅमचे कॅथेड्रल उभे आहे. ११ ऑगस्ट १०९३ रोजी त्याच्या पायाचे दगड बसवले गेले आणि ११३३ मध्ये मुख्य दालनाचे दगडी छत पूर्ण झाले. एवढ्या प्रचंड वास्तूचा गाभा अवघ्या ४० वर्षांत उभा राहिला, आणि त्या ४० वर्षांतच युरोपातील दगडी बांधकामाची एक मोठी अडचण, म्हणजे उंच आणि रुंद जागेवर दगडी छत टाकण्याची, इथल्या गवंड्यांनी टप्प्याटप्प्याने सोडवली. ते टप्पे आजही आतून डोळ्यांनी वाचता येतात. मात्र बहुतेक पर्यटक उत्तरेच्या दाराने पश्चिम टोकाजवळ आत शिरतात आणि तेथून पूर्वेकडे चालत जातात, तर बांधकाम पूर्वेकडे सुरू होऊन पश्चिमेकडे सरकत आले होते. त्यामुळे नेहमीच्या वाटेने जाणाऱ्याला उत्तर आधी दिसते आणि प्रश्न नंतर. म्हणून माझा आग्रह असा आहे की हे कॅथेड्रल एकाच दिवसात दोनदा चालावे: पहिली फेरी गवंड्यांच्या क्रमाने आणि दुसरी संत कथबर्टच्या समाधीकडे जाणाऱ्या मध्ययुगीन यात्रेकरूंच्या वाटेने. पुढील मार्गदर्शन त्याच क्रमाने दिले आहे.

जाण्यापूर्वीची तयारी

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातून डरहॅमला थेट रेल्वेगाडी आहे आणि प्रवासाला साधारण तीन तास लागतात. स्थानकापासून कॅथेड्रल पायी सुमारे २० मिनिटांवर आहे. शेवटचा चढ दगडी फरसबंदीचा असल्याने चांगली पकड असलेले बूट घालावेत. हे चालते प्रार्थनास्थळ आहे, एवढेच नव्हे तर डरहॅम विद्यापीठाचे पदवीदान समारंभही येथेच होतात. त्यामुळे कॅथेड्रलच्या संकेतस्थळावर त्या दिवसाचे वेळापत्रक पाहूनच दिवस ठरवावा, अन्यथा एवढ्या लांब येऊन अर्धी वास्तू बंद सापडण्याची शक्यता असते. संग्रहालय आणि मनोरा यांसाठी वेगळे तिकीट असते. मुख्य वास्तूसाठी देणगीचे आवाहन केले जाते आणि ती मनापासून द्यावी, कारण अशा दगडाची देखभाल कधीच संपत नाही.

सोबत तीन गोष्टी ठेवाव्यात. पहिली म्हणजे छोटी दुर्बीण. मुख्य दालनाचे छत जमिनीपासून सुमारे २२ मीटर उंच आहे आणि पाहण्यासारखे बरेच काही तिथेच आहे. दुसरी म्हणजे उन्हाळ्यातही एखादा स्वेटर, कारण जाड भिंतींच्या आत गारवा टिकून राहतो. तिसरी म्हणजे किमान चार तासांचा मोकळा वेळ. आत बूट काढावे लागत नाहीत. पुरुषांनी टोपी काढण्याची रीत आहे. छायाचित्रांचे नियम दारातील स्वयंसेवकांना विचारून घ्यावेत. ही मंडळी वास्तूबद्दल फार जिव्हाळ्याने बोलतात, त्यामुळे त्यांना प्रश्न विचारायला संकोच करू नये.

पहिला टप्पा: उत्तरेचे दार

दारावर सिंहासारख्या मुखवट्याचे एक कांस्य कडे आहे. हे मूळ कड्याचे प्रतिरूप असून १२व्या शतकातील मूळ कडे संग्रहालयात ठेवलेले आहे. गंभीर गुन्ह्याचा आरोप असलेला माणूस येथे येऊन हे कडे वाजवीत असे आणि मठातील संन्यासी त्याला आत घेत असत. त्याला ३७ दिवस आश्रय मिळे. त्या मुदतीत त्याने एकतर खटल्याला सामोरे जाण्याचा किंवा देश सोडून जाण्याचा निर्णय घ्यायचा असे. आश्रयाचा हा हक्क इंग्लंडमध्ये १७व्या शतकात कायद्याने संपला. कड्याजवळ दोन मिनिटे थांबावे, पण जास्त रेंगाळू नये. खरे काम आत आहे.

दुसरा टप्पा: थेट पूर्वेकडे, सर्वांत जुन्या छताखाली

आत शिरताच समोर मुख्य दालन उघडते आणि कोणाचीही पावले तिथेच खिळतात. तरीही तो मोह थोडा आवरावा. डावीकडे वळून, उत्तरेकडच्या अरुंद बाजूच्या दालनातून सरळ पूर्वेकडे चालत जावे, मध्यावरची आडवी भुजा ओलांडावी आणि गायनमंडपाच्या (वेदीपुढे गायक बसतात त्या भागाच्या) कडेच्या दालनात पोहोचावे. आता वर पाहावे.

हे छत १०९० च्या दशकातले आहे. बिशप विल्यम ऑफ सेंट कॅले हा नॉर्मंडीतील हद्दपारीतून परत आल्यानंतर त्याने जुने सॅक्सन चर्च पाडून हे बांधकाम सुरू केले आणि १०९६ मध्ये त्याचा मृत्यू झाला, तेव्हा काम याच भागात चालू होते. छताच्या प्रत्येक चौकटीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरप्या जाणाऱ्या दोन दगडी फासळ्या एकमेकींना छेदताना दिसतील. फासळ्यांचे असे छत एवढ्या लवकरच्या काळात आणि एवढ्या विचारपूर्वक वापरलेले युरोपात फारच थोड्या ठिकाणी सापडते. फासळ्या आधी उभारायच्या आणि मग त्यांच्यामधील त्रिकोणी जागा दगडांनी भरायच्या, अशी ही पद्धत आहे. त्यामुळे छताचा आकार गवंड्याच्या ताब्यात राहतो आणि भार कोणत्या खांबावर उतरणार हे त्याला आधीच ठरवता येते.

येथे फासळ्यांची घडण नीट लक्षात ठेवावी. त्या गोलसर, साध्या आणि नक्षीविरहित आहेत. पुढच्या टप्प्यात याच खुणेचा उपयोग होईल.

कडेच्या दालनातून गायनमंडपाच्या मधल्या उंच छताकडे मात्र या दृष्टीने पाहू नये. तेथील मूळ छत टिकले नाही. ते १३व्या शतकात उतरवून नव्याने बांधण्यात आले. उंच आणि रुंद जागेवर फासळ्यांचे छत टाकण्याचा पहिला प्रयत्न इथे पूर्ण यशस्वी झाला नव्हता, हे समजले की पश्चिमेकडे जाताना पुढच्या पिढीने काय सुधारले याकडे आपोआप लक्ष जाते.

तिसरा टप्पा: दोन भुजांची तुलना

मध्यवर्ती मनोऱ्याखालच्या चौकात परत यावे. कॅथेड्रलचा आराखडा क्रुसाच्या आकाराचा असल्याने येथून उत्तरेला आणि दक्षिणेला एकेक भुजा निघते. आधी उत्तरेच्या भुजेत जाऊन दुर्बिणीने छत पाहावे, नंतर दक्षिणेच्या भुजेत जाऊन तसेच पाहावे. उत्तरेकडच्या फासळ्या साध्या आहेत आणि दक्षिणेकडच्या फासळ्यांवर नागमोडी दातेरी नक्षी आहे. अभ्यासक या नक्षीचा उपयोग कालगणनेसाठी करतात: साधारण १११० नंतरच्या कामात ती दिसू लागते आणि तेथून पुढे मुख्य दालनात सर्वत्र पसरते. दोन छतांमधील अंतर चालत एका मिनिटाचे आहे, पण त्यांच्यामध्ये कारागिरांच्या विचारात पडलेला फरक आहे. लेखी पुराव्याशिवाय नुसत्या डोळ्यांनी काळाचा क्रम ओळखण्याची ही संधी सोडू नये.

दक्षिणेच्या भुजेत रंगीत लाकडी घड्याळही आहे. १४९४ ते १५१९ या काळात मठाचा प्रमुख असलेल्या थॉमस कॅसलच्या नावाने ते ओळखले जाते. त्याची गोष्ट पुढे येईल.

चौथा टप्पा: मुख्य दालन, आणि टोकदार कमानीचे कारण

आता पश्चिमेकडे तोंड करून मुख्य दालनात यावे आणि मधल्या बाकांवर बसावे. इथे किमान अर्धा तास द्यावा. माझ्या मते संपूर्ण भेटीचा सर्वोत्तम अर्धा तास हाच असतो.

प्रथम खांब पाहावेत. दोन प्रकारचे खांब आलटूनपालटून येतात: एक अनेक दगडी दांड्यांचा जुडगा असलेला जाड जोडखांब, मग एक गोल खांब, मग पुन्हा जोडखांब. गोल खांबांची उंची सुमारे ६.६ मीटर आणि घेरही जवळपास तेवढाच आहे. त्यांचा भारदस्तपणा याच प्रमाणातून येतो. या गोल खांबांवर खोल कोरलेल्या नक्ष्या आहेत. काहींवर नागमोडी रेषा, काहींवर शंकरपाळ्यांसारखे चौकोन, काहींवर उभ्या पन्हाळी. एखाद्या खांबाजवळ जाऊन सांधे पाहावेत. नक्षी सांध्यांवरून अखंड पुढे जाते, म्हणजे प्रत्येक दगडावर कोणता तुकडा कोरायचा याचे माप ठरवूनच दगड घडवले गेले होते. गायनमंडपातील गोल खांबांवर सर्पिल खोबणी आहेत, हेही आठवून पाहावे. वेदीच्या आणि संताच्या समाधीच्या जवळ वेगळी नक्षी योजण्यामागे त्या जागेचा मान दाखवण्याचा हेतू असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

मग नजर वर न्यावी. एका जोडखांबापासून पुढच्या जोडखांबापर्यंत छताचा एकेक मोठा गाळा धरावा. त्या गाळ्यात फासळ्यांच्या दोन फुल्या दिसतील, आणि त्या दोन फुल्यांच्या मध्ये आडवी कमान नसेल. आडवी कमान फक्त जोडखांबांवरून समोरच्या जोडखांबांकडे जाते. या आडव्या कमानीचा आकार दुर्बिणीने नीट पाहावा: ती अर्धवर्तुळाकार नाही, ती टोकदार आहे.

याचे कारण भूमितीत आहे. अर्धवर्तुळाकार कमानीची उंची तिच्या रुंदीच्या निम्मी असते, त्यात बदल करता येत नाही. चौकटीतील तिरपे अंतर बाजूच्या अंतरापेक्षा नेहमीच जास्त असते. म्हणून तिरप्या फासळ्या अर्धवर्तुळाकार केल्या आणि आडव्या कमानीही अर्धवर्तुळाकार केल्या, तर फासळ्यांचा माथा वर जातो, आडव्या कमानींचा माथा खाली राहतो आणि छत प्रत्येक गाळ्यात घुमटासारखे फुगते. टोकदार कमानीला हे बंधन नसते. तीच रुंदी ठेवून दोन्ही बाजू अधिक उभ्या केल्या की माथा हवा तेवढा उंच नेता येतो. डरहॅमच्या गवंड्यांनी ११२८ ते ११३३ या काळात मुख्य दालनावर छत टाकताना नेमके हेच केले आणि छताचा माथा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ सरळ रेषेत ठेवला.

भार बाहेर ढकलला जाऊ नये म्हणून त्यांनी आणखी एक उपाय केला, तो खालून दिसत नाही. बाजूच्या दालनांवरील सज्जाच्या छपराखाली पाव वर्तुळाच्या आकाराच्या कमानी उंच भिंतींना बाहेरून आधार देतात. पुढे गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या उंच शैलीतील, कॅथेड्रलमध्ये हेच आधार छपराबाहेर उघड्यावर आले. छतातील फासळ्या, टोकदार कमान आणि बाहेरचा कमानी आधार ही गॉथिक शैलीची तिन्ही अंगे येथे एका रोमनेस्क (गॉथिकच्या आधीच्या, जाड भिंती आणि अर्धवर्तुळाकार कमानींच्या शैलीतील) वास्तूच्या पोटात एकत्र सापडतात, आणि तीही त्या शैलीचा जन्म फ्रान्समध्ये झाला असे मानले जाते त्याच्या आधी. मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या तिकीट दालनात ज्यांनी मान वर करून फासळ्यांचे छत पाहिले आहे, त्यांना हा आकार ओळखीचा वाटेल. १९व्या शतकातील गॉथिक पुनरुज्जीवनाने याच परंपरेतील घटक तिथपर्यंत नेले.

पाचवा टप्पा: पश्चिमेचे गॅलिली चॅपेल

मुख्य दालनाच्या पश्चिम टोकापलीकडे गॅलिली चॅपेल आहे. बिशप ह्यू द पुइझे याने ते ११७० च्या दशकात बांधवले, आणि पहिल्या फेरीचा शेवट येथेच करावा, कारण केवळ ४० वर्षांत हात किती बदलला हे येथे दिसते. मुख्य दालनातील अवजड खांबांच्या जागी येथे अतिशय सडपातळ खांब आहेत आणि त्यांच्यावर दातेरी नक्षीच्या कमानींच्या रांगांमागून रांगा आहेत. सुरुवातीला प्रत्येक खांब परबेक संगमरवराच्या दोनच दांड्यांचा होता; वालुकाश्माच्या दांड्या नंतर जोडल्या गेल्या. जवळून पाहिल्यास दोन दगडांच्या रंगातला फरक कळतो. भिंतीवर १२व्या शतकातील चित्रांचे अवशेष आहेत, त्यांत एक राजा आणि एक बिशप ओळखू येतात.

येथेच बीडचे थडगे आहे. इंग्रजांचा पहिला मोठा इतिहासकार मानला गेलेला हा संन्यासी ७३५ मध्ये जॅरोच्या मठात वारला. त्याच्या अस्थी ११व्या शतकात डरहॅमला आणल्या गेल्या आणि १३७० मध्ये या चॅपेलमध्ये ठेवल्या गेल्या. थडग्यावरील काळसर शिळेवरची लॅटिन ओळ १९व्या शतकातली आहे.

१८व्या शतकाच्या अखेरीस हे चॅपेल पाडण्याचा बेत झाला होता आणि विरोधामुळे तो रोखला गेला. त्या खांबांमध्ये उभे राहिल्यावर तो बेत आखणाऱ्यांचे कारण समजून घेणे मला आजही जमत नाही.

सहावा टप्पा: आता यात्रेकरू म्हणून परत

गॅलिलीतून बाहेर पडून मुख्य दालनात आल्यावर जमिनीकडे पाहावे. बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळ, खांबांच्या दरम्यान, काळ्या दगडाची एक पट्टी आडवी बसवलेली आहे. येथे बेनेडिक्टाइन (संत बेनेडिक्टच्या नियमाने राहणाऱ्या) संन्याशांचा मठ होता त्या काळात स्त्रियांना या रेषेच्या पूर्वेला जाता येत नसे. वाकून दगड पाहिल्यास त्यात पांढऱ्या प्रवाळांचे जीवाश्म दिसतील. हा वेअर खोऱ्यातल्या फ्रॉस्टर्ली गावाचा चुनखडक आहे, तकाकी दिल्यावर संगमरवरासारखा दिसणारा. ज्या स्त्रिया या रेषेपाशी थांबल्या त्यांना समाधी कधीच दिसली नाही, म्हणून आजच्या वाचक भगिनींनी ही रेषा जाणीवपूर्वक ओलांडावी असे मला वाटते.

पूर्वेकडे चालताना दक्षिणेच्या कमानींखाली नेव्हिल घराण्याची मोडतोड झालेली थडगी लागतात. ही मोडतोड स्कॉटिश कैद्यांनी केली असे परंपरेने सांगितले जाते. ३ सप्टेंबर १६५० रोजी डनबारच्या लढाईत इंग्रज सेनापती क्रॉमवेलने हरवलेल्या स्कॉटिश सैन्यातील सुमारे ३,००० कैदी या इमारतीत कोंडले गेले होते. उपाशी, आजारी आणि गारठलेल्या त्या माणसांनी शेक मिळवण्यासाठी आतील लाकूडकाम जाळले असे म्हणतात. कॅसलचे घड्याळ वाचले, आणि त्यावर स्कॉटलंडचे चिन्ह असलेले काटेरी फूल कोरलेले होते म्हणून ते वाचले अशी आख्यायिका आहे. सुमारे १,७०० कैदी येथे मरण पावले. २०१३ मध्ये कॅथेड्रलशेजारच्या बांधकामात काहींचे सांगाडे सापडले आणि २०१८ मध्ये त्यांचे पुन्हा दफन करण्यात आले. गायनमंडपातील आजची कोरीव लाकडी आसने आणि बाप्तिस्मा कुंडावरचे उंच लाकडी छत्र हे बिशप जॉन कोझिनने १६६० च्या दशकात करवलेले काम आहे. त्या कामाकडे पाहताना ते का करावे लागले हे मनात असावे.

दक्षिणेच्या बाजूच्या दालनात खाणकामगारांचे स्मारक आहे. कोळशाच्या खाणींत प्राण गमावलेल्यांसाठी ते १९४७ मध्ये उभारले गेले. जुलैत होणाऱ्या खाणकामगारांच्या मेळाव्यात कामगार संघटनांची निशाणे वाद्यांसह कॅथेड्रलमध्ये आणली जातात. या परगण्यातील खाणी बंद झाल्या, तरी ही प्रथा चालू आहे.

गायनमंडप ओलांडल्यावर मुख्य वेदीमागे १३८० मधला नेव्हिल पडदा उभा आहे. फ्रान्समधील कां येथील फिकट दगडाचा हा पडदा पूर्वी अलाबास्टरच्या (मऊ, फिकट रंगाच्या दगडाच्या) १०७ मूर्तींनी भरलेला होता. आज सगळे कोनाडे रिकामे आहेत. त्याच्या मागे, काही पायऱ्या चढून, संत कथबर्टची समाधी आहे.

संन्यासी आणि बिशप असलेला कथबर्ट ६८७ मध्ये वारला आणि लिंडिसफार्न बेटावर त्याचे दफन झाले. व्हायकिंग हल्ल्यांमुळे ८७५ मध्ये तेथील संन्याशांनी शवपेटी घेऊन बेट सोडले, चेस्टर-ल-स्ट्रीट येथे शंभरहून अधिक वर्षे मुक्काम केला आणि ९९५ मध्ये ते डरहॅमला पोहोचले. हे संपूर्ण कॅथेड्रल या एका समाधीसाठी आहे. १५३० च्या दशकाच्या अखेरीस, आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, रत्नजडित समाधी मोडली गेली. आज जमिनीत फक्त कथबर्टचे नाव कोरलेली साधी शिळा आहे. बाजूला एक शिरविरहित मूर्ती आहे. ती कथबर्टची असून तिच्या हातात या भागावर राज्य केलेल्या राजा ओस्वाल्डचे मस्तक आहे, कारण ओस्वाल्डचे मस्तक कथबर्टच्या शवपेटीत ठेवले गेले होते. येथे प्रार्थना करणारे लोक बसलेले असतात, त्यामुळे बोलणे टाळावे.

पायऱ्या उतरून पूर्वेकडे गेल्यावर नऊ वेदींचे चॅपेल येते. १२४२ मध्ये सुरू झालेले हे काम पूर्ण गॉथिक आहे आणि येथील जमीन बाकीच्या चर्चपेक्षा खाली असल्याने उंची आणखी जाणवते. खिडक्यांभोवतीच्या काळ्या दांड्यांत पुन्हा तोच प्रवाळांचा फ्रॉस्टर्ली दगड ओळखावा. येथे फेनविक लॉसन या शिल्पकाराचे मृत ख्रिस्त आणि मेरी यांचे लाकडी शिल्प आहे. १९८४ मध्ये यॉर्क मिन्स्टरला आग लागली तेव्हा ते तिथे प्रदर्शनात होते. त्या आगीच्या खुणा शिल्पकाराने तशाच राहू दिल्या.

सातवा टप्पा: सायंप्रार्थना, आणि तिच्याआधी संग्रहालय

शक्य असल्यास भेटीचा दिवस असा निवडावा की त्या संध्याकाळी गायकवृंदाची सायंप्रार्थना असेल. तिला कोणीही बसू शकते, धर्माची अट नसते आणि शुल्कही नसते. वेळेआधी २० मिनिटे पोहोचल्यास बहुतेक वेळा गायनमंडपातील कोझिनच्या आसनांवरच जागा मिळते. गायक आत येताना सर्वांनी उभे राहायचे असते. पुढे शेजारच्यांना पाहून उठाबस करावी. प्रार्थना पाऊण तासाच्या आसपास चालते, मधून उठून जाऊ नये. दगडी छताखाली स्वर किती वेळ रेंगाळतो याकडे कान द्यावा, कारण मुख्य दालनात पाहिलेल्या भूमितीचा हा दुसरा परिणाम आहे.

संग्रहालय मात्र सायंप्रार्थनेआधी, समाधी पाहून झाल्यानंतर लगेच पाहावे. १४व्या शतकाच्या शेवटी सुरू झालेले संन्याशांचे शयनगृह आणि अष्टकोनी मोठे स्वयंपाकघर यांतून त्याची वाट जाते. शयनगृहाचे छत ओबडधोबड तासलेल्या ओकच्या प्रचंड तुळयांचे आहे. स्वयंपाकघरात कथबर्टची ६९८ मधील ओकची शवपेटी तुकड्यांतून जुळवून ठेवलेली आहे आणि तिच्यावर रेघांनी कोरलेले देवदूत दिसतात. शेजारी १८२७ मध्ये थडगे उघडले तेव्हा सापडलेला, गार्नेट जडवलेला त्याचा सोन्याचा क्रूस आहे. ज्यांच्या पायांत बळ उरले असेल त्यांनी ३२५ पायऱ्यांचा मध्यवर्ती मनोरा चढावा. पायऱ्या अरुंद आणि उंच आहेत, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी तो टाळावा. मनोरा हवामान आणि समारंभांनुसार बंद राहत असल्याने सकाळी आत शिरतानाच चौकशी करून ठेवावी.